आयकर परताव्याची वाट : पेशवाईतल्या रसदेपासून मोबाइलवरच्या ‘स्टेटस’पर्यंत

१/ नागपुरात छिंदवाडा मार्गावर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे. १९५७ मध्ये आयकर अधिकाऱ्यांची प्रशिक्षणशाळा म्हणून ती सुरू झाली. भारतीय महसूल सेवेत आयकर विभागासाठी थेट निवडले गेलेले अधिकारी याच परिसरात शिकून देशभर जातात. कर कसा आकारावा आणि कसा वसूल करावा, याचे धडे येथे दिले जातात. विवरणपत्रांचा हंगाम आला की त्याच शहरातील नोकरदार, निवृत्तिवेतनधारक आणि लहान व्यावसायिक मोबाइल उघडून एकच गोष्ट तपासत असतात : परतावा आला का?

२/ ‘रिफंड रखडला’ ही तक्रार संगणकाच्या युगातली वाटते. प्रत्यक्षात तिचे मूळ बरेच जुने आहे. राज्याने गरजेपेक्षा जास्त घेतलेले पैसे जितके दिवस राज्याच्या तिजोरीत राहतात, त्या दिवसांची किंमत कोणी मोजायची, हा या इतिहासाचा गाभा आहे. या प्रश्नाला दर पिढीने वेगळे उत्तर दिले. आजच्या पोर्टलवर दिसणारा प्रत्येक शब्द त्या उत्तरांपैकीच एकाची खूण आहे.

३/ सुरुवात पेशवाईपासून करता येते. परगण्याचा कमाविसदार किंवा मामलतदार नेमताना सरकार त्याच्याकडून महसुलाचा काही भाग आगाऊ घेत असे. या आगाऊ रकमेला ‘रसद’ म्हणत. पीक निघायच्या आत पैसा सरकारात जमा होई. पुढे वसूल आला की मामलतदार आपली रसद त्यातून वळती करून घेई, आणि मधल्या काळाचे व्याज सरकार हिशेबात मान्य करी. रसद म्हणजे आयकर नव्हे, आणि मामलतदार म्हणजे सामान्य रयतही नव्हे. तरीही वेळेआधी घेतलेल्या पैशाला व्याज लागते, हे तत्त्व मराठी दफ्तराला परके नव्हते.

४/ आधुनिक आयकर मात्र वेगळ्या निकडीतून आला. १८५७ च्या उठावाने ब्रिटिश सरकारच्या तिजोरीवर मोठे कर्ज चढले. ते भागवण्यासाठी वित्त सदस्य जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये आयकराचा प्रस्ताव मांडला आणि २४ जुलै १८६० रोजी त्याचा कायदा झाला. वर्षाला २०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना सूट होती. २०० ते ५०० रुपयांवर दोन टक्के आणि त्यापुढे चार टक्के कर होता. विल्सन स्वतः त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात निवर्तले. कर पाच वर्षांत बंद झाला, पुढे पुन्हा आला, पुन्हा गेला.

५/ आयकर स्थिरावला तो १८८६ च्या कायद्याने. उत्पन्नाचे चार वर्ग पाडले गेले : पगार व निवृत्तिवेतन, कंपन्यांचा नफा, कर्जरोख्यांवरील व्याज आणि इतर उत्पन्न. शेतीचे उत्पन्न वगळले गेले. परताव्याच्या कथेसाठी यातील एक गोष्ट महत्त्वाची आहे. पगार आणि कर्जरोख्यांचे व्याज देतानाच कर कापून घेण्याची रीत पक्की झाली. आज ज्याला टीडीएस म्हणतात, त्याचे हे पूर्वरूप होय.

६/ कर मुळाशीच कापला की परताव्याचा जन्म अटळ ठरतो. कापणाऱ्याला फक्त एक व्यवहार दिसतो. माणसाचे वर्षभराचे उत्पन्न दिसत नाही. म्हणून तो ठरलेल्या दराने कापतो. वर्षाअखेरीस हिशेब केल्यावर कळते की या माणसावर इतका कर बसतच नव्हता. चूक कोणाचीच नसते, तरी पैसे मात्र सरकारात गेलेले असतात.

७/ १९२२ च्या आयकर कायद्याने याला स्वतंत्र कलम दिले, ते ४८ वे. नागपूरच्या संदर्भात ते असे समजून घेता येईल. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. अशा गिरणीचे थोडे भाग असलेली, लाभांशावर घर चालवणारी एखादी विधवा डोळ्यांसमोर आणावी. कंपनी आपल्या नफ्यावर कंपनीच्या दराने कर भरणार. बाईंचे स्वतःचे उत्पन्न इतके कमी की त्यांना तो दर लागूच नाही. कलम ४८ म्हणत होते की दोन दरांमधला फरक त्यांना परत मिळावा.

८/ कागदावर हे न्याय्य होते, पण त्यासाठी बाईंना स्वतः अर्ज करावा लागे, उत्पन्नाचा पुरावा जोडावा लागे, आणि तोही कायद्याने ठरवलेल्या मुदतीत. ही मुदत कलम ५० मध्ये होती. मुदत टळली की हक्क गेला. सरकारने परतफेड कधी करावी, याला मात्र तसा काच नव्हता. मुदत फक्त मागणाऱ्याला होती. पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा संघर्ष या विषमतेभोवतीच फिरतो.

९/ दुसऱ्या महायुद्धाने पुढचे पाऊल टाकायला भाग पाडले. खर्च वाढला होता, बाजारात पैसा वाहत होता, आणि वर्ष संपून करनिर्धारण होईपर्यंत थांबणे सरकारला परवडत नव्हते. १९४४ मध्ये कायद्यात कलम १८ अ घातले गेले आणि ‘अग्रिम कर’ आला : उत्पन्न मिळत असतानाच, अंदाजाने, हप्त्यांनी कर भरायचा. आगाऊ घेतलेल्या या पैशावर सरकारने व्याज देऊ केले. रसदेचे तत्त्व जणू नव्या वेषात परतले.

१०/ पण दर पाहण्यासारखे होते. मूळ तरतुदीत सरकार आगाऊ भरलेल्या रकमेवर वर्षाला दोन टक्के सरळव्याज देणार होते. करदात्याने अंदाजात फार कमी भरले, तर त्याच्याकडून मात्र सहा टक्क्यांनी व्याज घेतले जाणार होते. एकाच पैशाच्या उशिराला दोन भाव लागले. उशीर सरकारने केला तर भाव कमी, नागरिकाने केला तर जास्त.

११/ १ एप्रिल १९६२ पासून १९६१ चा आयकर कायदा लागू झाला. परताव्यासाठी त्यात कलम २३७ पासून २४५ पर्यंत स्वतंत्र प्रकरण होते. रखडलेल्या परताव्यावर व्याजाची तरतूदही आली. हक्क आता कायद्याच्या भाषेत स्पष्ट झाला. मात्र हक्क आणि हातात पडणारा पैसा यांच्यामध्ये एक लांबलचक कागदी वाट होती.

१२/ ती वाट अशी : विवरणपत्र वॉर्डाच्या कार्यालयात द्यायचे, सोबत करकपातीची मूळ प्रमाणपत्रे जोडायची. एकेक फाइल अधिकाऱ्याच्या टेबलावर येई. आकडेमोड हाताने. मग परताव्याचे व्हाउचर तयार होई, त्यावर सही-शिक्का, नोंदवहीत नोंद, बँकेला वेगळी सूचना आणि अखेर टपाल. नाव चुकले, पत्ता बदलला, एखादे प्रमाणपत्र फाइलमधून निसटले, की पुन्हा आरंभापासून. नागपूरच्या करदात्याला एवढाच दिलासा की सिव्हिल लाइन्समधल्या आयकर भवनात जाऊन विचारता येई.

१३/ या कागदी युगातला सर्वांत बोलका खटला महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याची सँडविक एशिया ही कंपनी. करनिर्धारण वर्षे १९७७–७८, १९७८–७९, १९८१–८२ आणि १९८२–८३. कंपनीने अग्रिम कर जास्त भरला होता. वाद अपिलांत गेला. परताव्यावरील व्याज कंपनीला मिळायलाच हवे होते, हे शेवटी मान्य झाले. पण ते हाती पडेपर्यंत १२ ते १७ वर्षे लोटली होती.

१४/ मग कंपनीने पुढचा प्रश्न विचारला : व्याजाची रक्कम इतकी वर्षे तुमच्याकडे राहिली, तिच्या उशिराचे काय? विभागाचे उत्तर होते की व्याजावर व्याज देण्याची तरतूद कायद्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

१५/ २७ जानेवारी २००६ रोजी निकाल लागला. नागरिकाची हक्काची रक्कम बिनकारण अडवून ठेवल्यास सरकारने भरपाई दिली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. नऊ टक्के दराने व्याज, तेही महिन्याभरात. न दिल्यास पंधरा टक्के. न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. निकालाची प्रत अर्थमंत्र्यांकडे पाठवून दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध कारवाई व्हावी, असेही सुचवले. परताव्याच्या इतिहासात उशिराची जबाबदारी इतक्या स्पष्टपणे क्वचितच ठरवली गेली असेल.

१६/ या निकालाची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी, कारण अनेकदा तो अर्धाच सांगितला जातो. २०१३ मध्ये गुजरात फ्लोरो केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सँडविकमधील रक्कम ही त्या प्रकरणातील अवाजवी विलंबाची भरपाई होती. एरवी करदात्याला कायद्यात लिहिलेले व्याज तेवढे मागता येते. व्याजावर व्याज हा सरसकट नियम नाही. दार एकदा उघडले होते, पण सर्वांसाठी उघडे राहिले नाही.

१७/ कायद्यात लिहिलेले व्याज म्हणजे कलम २४४ अ. १९८९–९० या करनिर्धारण वर्षापासून त्याने आधीच्या विखुरलेल्या तरतुदींची जागा घेतली. सुरुवातीचा दर होता महिन्याला दीड टक्का. १९९१ मध्ये एक टक्का झाला, २००१ मध्ये पाऊण टक्का, २००२ मध्ये दोन तृतीयांश, आणि ८ सप्टेंबर २००३ पासून अर्धा टक्का. दुसरीकडे, अग्रिम कर कमी भरणाऱ्या करदात्याकडून १९८९ मध्ये महिन्याला दोन टक्के घेतले जात. २००३ पासून एक टक्का. बाजारातले दर उतरले तसे दोन्ही आकडे उतरले. त्यांच्यातली अर्ध्या टक्क्याची दरी मात्र १९८९ मध्ये होती तेवढीच २००३ नंतरही राहिली.

१८/ आता यंत्रयुग. २४ जानेवारी २००७ रोजी दिल्ली आणि पाटणा येथे ‘रिफंड बँकर’ योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली : अधिकाऱ्याने व्हाउचर लिहायचे नाही, माहिती स्टेट बँकेकडे जाईल आणि बँक पैसे देईल. त्याच सुमारास विवरणपत्रासोबत प्रमाणपत्रे जोडण्याची पद्धत बंद झाली. २००९ मध्ये बेंगळुरूला केंद्रीय प्रक्रिया केंद्र उभे राहिले. नागपूरच्या निवृत्त शिक्षकाचे विवरणपत्र आता सिव्हिल लाइन्समधल्या टेबलावर येत नाही. ते बेंगळुरूच्या यंत्रणेत तपासले जाते.

१९/ याचा लाभ आकड्यांत दिसतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की पडताळणीनंतर विवरणपत्रावर प्रक्रिया व्हायला २०१९–२० या करनिर्धारण वर्षात सरासरी ८२ दिवस लागत होते, २०२२–२३ मध्ये १६ आणि २०२३–२४ मध्ये १० दिवस. व्हाउचरच्या जमान्यातील माणसाला हे खरे वाटले नसते. पण सरासरीच्या पलीकडेही माणसे असतात. ज्याची फाइल अडते, त्याला पूर्वी निदान कोणत्या दाराशी उभे राहायचे ते ठाऊक होते.

२०/ संगणकाने जुन्या चुका पुसल्या नाहीत. काही चुका त्याने जाग्या केल्या. कार्यालयांतील जुन्या नोंदवह्यांमधील थकबाकी संगणकात चढवली गेली. त्यातील काही कधीच फेडलेली, काही चुकीची, काही करदात्याला कधी कळवलेलीही नव्हती. नव्या वर्षाचा परतावा त्या जुन्या आकड्यांत आपोआप वळता होऊ लागला. एका सनदी लेखापालाच्या पत्राची दखल घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले. १४ मार्च २०१३ च्या निकालात न्यायालयाने बजावले की कलम २४५ प्रमाणे आधी कळवल्याशिवाय आणि करदात्याचे म्हणणे विचारात घेतल्याशिवाय परतावा वळता करता येणार नाही.

२१/ दुसरी अडचण करकपातीच्या जुळणीची. प्रमाणपत्र हातात होते तेव्हा पुरावा करदात्याकडे असे. आता पुरावा म्हणजे विभागाच्या नोंदीतील ‘२६ एएस’. मालकाने किंवा बँकेने पॅनचा एक अंक चुकवला, तर कापलेला कर नोंदीत दिसतच नाही. मालकाने कर कापून सरकारात भरलाच नाही, तर? मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये कलम २०५ च्या आधारे सांगितले की पगारातून एकदा कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. वसुली करायची ती कापणाऱ्याकडून.

२२/ एवढा इतिहास लक्षात ठेवून पोर्टलवरचे शब्द वाचले की ते निराळे दिसू लागतात.
• ‘पडताळणी बाकी’ : विवरणपत्र भरले, पण ते आपलेच आहे याची ग्वाही दिली नाही. पूर्वी यासाठी सही केलेला कागद बेंगळुरूला टपालाने पाठवावा लागे आणि १२० दिवस मिळत. १ ऑगस्ट २०२२ पासून मुदत ३० दिवस आहे. ही पायरी होईपर्यंत पुढचे चाक हलत नाही.
• ‘प्रक्रिया सुरू’ : कलम १४३(१) ची तपासणी. एकेकाळी टेबलावरील फाइलवर होणारी आकडेमोड ती हीच.

२३/ • ‘परतावा निश्चित’ : हिशेब पटला, रक्कम ठरली, खात्यात पडणे बाकी.
• ‘थकबाकीत समायोजन’ : २०१३ च्या निकालामागचे कलम २४५. ही सूचना आली की गप्प न बसता मान्य आहे की नाही ते कळवायचे. जुन्या नोंदवहीतली चूक दाखवण्याची संधी हीच.
• ‘परतावा अयशस्वी’ : १ मार्च २०१९ पासून परतावा फक्त पॅनशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतो. खाते बंद किंवा नाव वेगळे असेल तर पैसे परत फिरतात. खाते पुन्हा प्रमाणित करून परतावा नव्याने पाठवण्याची विनंती करावी लागते. चुकलेल्या पत्त्यावरून माघारी आलेल्या व्हाउचरचे हे आजचे रूप.

२४/ आणि वाट पाहण्याची किंमत? मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात करकपातीचा किंवा अग्रिम कराचा परतावा निघत असेल, तर व्याज करनिर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजतात. २०,००० रुपये सप्टेंबरमध्ये मिळाले तर सहा महिन्यांचे तीन टक्के, म्हणजे ६०० रुपये. विवरणपत्र उशिरा भरले तर मोजणी भरल्याच्या दिवसापासून. परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही. आणि मिळालेले हे व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावे लागते, हे अनेक जण विसरतात.

२५/ १९२२ मध्ये मुदत फक्त मागणाऱ्याला होती. १९६१ च्या कायद्यात विभागालाही मुदत आली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती आणखी कमी केली : ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले, ते संपल्यावर नऊ महिन्यांत प्रक्रियेची सूचना पाठवली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये भरलेल्या विवरणपत्रासाठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२६ येते. सरासरी दहा दिवसांच्या जाहिरातीपुढे ही मुदत फार लांब वाटते. पण कायद्याच्या दृष्टीने ‘उशीर’ कुठे सुरू होतो, ते ठरवणारी रेषा हीच आहे.

२६/ १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरले आहे. कलमांचे क्रमांक बदलतील, भाषा सोपी होईल. नागपूरच्या अकादमीत शिकणारे अधिकारी नवी कलमे पाठ करतील. त्यांच्या अभ्यासक्रमाबाहेर राहू नये अशी एक गोष्ट मात्र जुनीच आहे : परतावा हे अनुदान नाही, बक्षीसही नाही. ते नागरिकाचे पैसे आहेत, काही काळ सरकारकडे राहिलेले. पेशव्यांच्या कारकुनाने रसदेच्या हिशेबात जे मांडले, तेच सँडविकच्या निकालाने दोन शतकांनंतर पुन्हा सांगितले. म्हणून पोर्टलवरील ‘प्रक्रिया सुरू’ हे शब्द वाचताना दिवस मोजायला संकोच नको. त्या दिवसांना भाव आहे, आणि तो मिळवण्यासाठी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या भांडावे लागले आहे.